डाव्या खांद्यावरची शाल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, सत्कारमूर्ती आणि आपल्या रुग्णालयाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर सुकन्या मॅडम, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम, नमस्कार.

मी सुगत, चाकूरच्या शाळेतला निवृत्त क्रीडाशिक्षक. सत्कारमूर्तींबरोबर पाहुण्यांनाही शाल घालायची आपली रीत. त्या रीतीप्रमाणं आप्पासाहेबांनी मघाशी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि मी ती झटकून दिली. खाली पडली. सभागृहात कुजबुज झाली, तीही ऐकली. मास्तरला लई माज आलाय, असंच कुणालाही वाटणार. मी लातूरच्या थोर परंपरेपासून सुरुवात करणार होतो, पण ते आता राहू द्या. मला लाज वाटायला लागलीय, आणि ती नुसती शालीपुरती नाही.

बऱ्याच वर्षांमागं फुप्फुसाभोवती पू झाला म्हणून दूरच्या एका शहरात माझी डावी छाती उघडावी लागली. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकारच आहेत. जखम भरली, पण बरगडीतला जाळ काही विझला नाही. कापड घासलं तरी चटका बसतो. माझ्या सदऱ्याला खिसा नसतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. पेन टोचतो म्हणून मी खिसा शिवूनच घेत नाही. पोरं म्हणायची, सरांना चहा पाजायचा नसतो, म्हणून खिसा नाही. मीही हसायचो. सांगणार तरी काय? गुडघा फुटलेल्या पोराला कबड्डीच्या मैदानावर 'दुखतं म्हणायचं न्हाई' असं बजावणारा मीच ना?

इथवर हे माझ्या एकट्याचं होतं. परवा ते एकट्याचं राहिलं नाही.

माझी धाकटी बहीण रेणुका लोह्याला दिलेली. तिच्या फुप्फुसात गाठ निघाली, सोमवारी ऑपरेशन आहे. मॅडम पुढच्या आठवड्याअखेर निवृत्त होणार, तरी त्या ऑपरेशनच्या भुलीचं काम त्यांनी हाती घेतलं. परवा त्यांनी तिला नीट समजावलं. बरगड्यांकडं जाणाऱ्या नसांपाशी, पाठीतून, एक बारीक नळी ठेवायची. ऑपरेशनच्या आधीपासून तिच्यातून औषध द्यायचं आणि नंतरही दोन-तीन दिवस चालू ठेवायचं. मग माणसाला खोकता येतं, श्वास मोकळा घेता येतो, आणि दुखणं वर्षानुवर्षं मुक्कामाला राहण्याची शक्यता कमी होते. हमी देत नाही, कमी होते एवढंच म्हणते, असंही त्या बोलल्या.

रेणुका म्हणाली, "पाठीत सुई नको मला. दादाला कुठं दिली होती? त्यो ठणठणीत हाय की."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्हाला नंतर कधी दुखलं?"

आणि बहिणीसमोर छाती फुगवून मी म्हणालो, "न्हाई. कधीच न्हाई."

रेणुकानं नळीला नकार दिला. माझ्या भरवशावर दिला. तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही, पण खरं सांगायला तोंडही उघडलं नाही.

आज शाल पडली तेव्हा मॅडम उठल्या. त्यांनी ती उचलली, घडी केली आणि माझ्या उजव्या हातात दिली. जन्मभर लोकांची दुखणी ओळखणाऱ्या बाईपुढं, तिच्याच निरोपाला, मी उघडा पडलो. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मॅडम, तुमच्या कार्याचा गौरव मी करावा, एवढी माझी लायकी आज नाही. तुमच्यामागं ही पद्धत इथं चालू राहावी, एवढी विनंती अध्यक्षांना करतो.

रेणुका, तू तिसऱ्या रांगेत बसलीस. ऐक. मला दुखतं. रोज दुखतं, आत्ता बोलतानाही दुखतंय. सुईचं जे भ्या वाटतं ते मॅडमना विचार, पण माझ्याकडं बघून ठरवू नको. सोमवारच्या आत विचार.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात घरचं गाऱ्हाणं आणलं, काही अधिक-उणं बोललो असेन, ते पोटात घ्यावं. आप्पासाहेब, तुमचा मान मी मोडला, माफ करा. शाल खांद्यावर नको, हातावरच घेतो.

आणि रेणुका, मान वर कर बाई. आज खाली घालायची ती माझी आहे.