यमुनाकाकूंची कणगरं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एका सवालाचं उत्तर द्या — विषाचं झाड परसात लावणं हे पाप की पुण्य? पुढच्या रांगेतले आबा मान हलवतायत. पाप म्हणे! आबा, तुमच्या कुंपणाला कण्हेर आहे ना? आहे! मग गप ऐका.

राजापुराकडं एका वाडीत यमुनाकाकू साखळकर राहायच्या. त्यांनी परसात अग्निशिखा लावलेली. भाद्रपदात गौरीला वाहतात ना, ती लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं — तीच! रूप देवीला शोभणारं, आणि जमिनीखालचा कंद? पोटात गेला की माणूस थेट वर! उकडा, तळा, नैवेद्य दाखवा — विष जात नाही हो!

पण काकूंची सावधगिरी काय सांगावी! कंद लावताना हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. खुरपं वेगळं, ते विळीशेजारी ठेवायचंसुद्धा नाही. शेळी शिरू नये म्हणून काटेरी कुंपण. वाळका पाला गोठ्यात न टाकता खड्ड्यात पुरायचा. आणि मग हात धुणं! साबणानं, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं! तुम्ही मंडळींनी इथं येताना एवढे हात धुतले असते, तर माझ्या पोथीवर भज्यांचं तेल लागलं नसतं!

हे सगळं कशासाठी? भक्तीसाठी? छे हो! वाडीत अग्निशिखा फक्त आपल्याच गौरीला असावी, म्हणून! देवीसुद्धा म्हणत असेल — 'बाई, मला सजवतेस, की शेजारणीला जळवतेस?'

शेजारीण म्हणजे कुंदा पाटणकर, नुकती लग्न होऊन आलेली. मार्गशीर्षात वेल वाळला, वाफा उघडा पडला. कुंदा कुंपणाशी आली — "काकू, इथं काय लावलंय हो?"

झाली पंचाईत! खरं सांगितलं तर ही कंद मागणार. दिला तर पुढच्या गौरीला हिच्याकडंही फुलं! काकू गोड हसल्या — "अगो, कणगरं आहेत ती!" कणगर म्हणजे रताळ्याची कोकणातली चुलत बहीण. उकडून खातात. घरोघरी असतात, मागतंय कोण?

पण पडवीत भालूकाका बसलेले — काकूंचे यजमान! जन्मात कधी परसात पाऊल टाकलं नाही, पण खायचं म्हटलं की कान टवकारलेले!

काकू बाजाराला गेल्या आणि काकांनी वाफा उकरला. कंद वाकडे, दुफाटे. काका म्हणाले, "हिची कणगरंसुद्धा हिच्यासारखीच वाकडी!" मीठ घालून उकडली आणि एकट्यानं कशी खायची, म्हणून कुंदालाही हाक मारली. माणूस आळशी, पण मनाचा मोठा!

काकू दारात येतात तो काय — काका साल काढतायत आणि कुंदाचा हात तोंडापाशी! काकूंनी पिशवी फेकली, धावल्या, कुंदाच्या हातावर फटका मारला, ताट अंगणात भिरकावलं!

कुंदाच्या डोळ्यांत पाणी. "काकू, द्यायची नव्हती तर तसं सांगायचं! हातातला घास काय पाडता?"

आता आली का परीक्षा! गप्प बसावं तर पोरगी चिडून अंगणातला तुकडा उचलायची. काकू मट्‌कन खाली बसल्या. "विष आहे गो ते! अग्निशिखेचे कंद आहेत. तू मागशील म्हणून खोटं बोलले मी!" आणि अशा रडल्या, की काकांनासुद्धा भूक आठवेना!

पुढच्या भाद्रपदात दोन्ही घरच्या गौरींना फुलं होती. आणि वाफ्यावर पाटी — 'विष आहे. खाऊ नये. हवं तर मागावं.'

काय आबा, पाप कुणाचं? झाडाचं? ते बिचारं जमिनीत गप्प होतं! काकूंनी हात तीनदा धुतले हो, पण जीभ? ती तशीच राहिली! हसताय? तुमच्या परसात नाही का असं काही पुरलेलं? शेजारी विचारतो आणि तुम्ही गोड हसून सांगता — कणगरं आहेत! उद्या ती उकरणार कोण? तुमच्याच घरचं माणूस!

तेव्हा पाटी लावा मंडळी. आणि आता टाळ उचला — धुतलेल्या हातांनी!