आईच्या कोंबड्या आणि शेरू

कुत्र्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा बाबांना तिथं एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. आम्ही मात्र उदगीरच्या पुढं, गावातच राहिलो. दुष्काळानं रान उजाड पडलेलं, घर आईच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायचं. आणि आमचा शेरू नेमक्या त्याच कोंबड्या मारायला लागला.

शेजारच्या गंगामावशी म्हणाल्या, "मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांध. पुन्हा तोंड लावणार न्हाई."

आईनं बांधली. शेरू मान खाली घालून फिरला, आणि सुटल्यावर त्यानं थेट कोंबडाच धरला.

"आता लांब सोडून ये त्याला," मावशी म्हणाल्या.

आईनं उरलेल्या कोंबड्याच मावशींना देऊन टाकल्या.

बाबा सुट्टीवर आले आणि रिकामं खुराडं बघून चिडले. "कुत्रं ठेवलं आन् कोंबड्या दिल्या?"

आई म्हणाली, "फाट्यावर एसटी थांबली की शेरू पळत जातो. तुम्ही आले, हे मला दुसरं कोण सांगतंय?"

"अगं, तो सगळ्याच गाड्यांना पळतो."

"हाव," आई म्हणाली. "तेवढ्या येळा मला वाटतं, तुम्ही आले."