भासऱ्यापुढं विचारलेला प्रश्न

माहं माहेर सिहोऱ्याकडचं, अन् दिली मले इकडं अड्याळच्या बाजूले, तलावाखालच्या गावात. तिकडंही धान, इकडंही धान, म्हनून कामाचं काही नवं वाटलं नाही. नवी होती ते मर्यादा. सासूनं आल्या आल्या सांगतलं, भासऱ्यापुढं तोंड दाखवायचं नाही अन् आवाज काढायचा नाही. भासरा म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ. ते आंगनात आले का मी पदर ओढून आत. पानी द्यायचं असलं तं लोटा उंबऱ्यावर ठेवायचा अन् बांगड्या वाजवायच्या, मंग ते घेत. मानूस वाईट नव्हता, उगाच कायले नाव ठेवू, त्यायले तं माह्यापेक्षा जास्त लाज वाटे.

तिसरा पोरगा अंगावर पीत होता अन् मले पुन्हा दिवस गेले. नवरा तवा बाहेरगावी कामाले. सासू म्हने, तुह्या अंगात रक्त नाही, लहान्याचं दूध आटन, दवाखान्यात जाय अन् मोकळी हो. म्या हो म्हनलं नाही, नाही म्हनलं नाही, मी भात उतरवून राहिली होती. सासूचे गुडघे गेलेले, गाडी चालवनारे घरात भासरेच. त्यायच्या मांगं बसून गेली, मधात कापडाची थैली ठेवली, अंगाले अंग लागू नोय म्हनून.

डाक्टरीनबाई चांगली होती, तेही सांगते तुमाले. तिनं विचारलं, बाई, हे तुमच्या मर्जीनं आहे ना, काही विचारायचं आहे का. भासरे बाजूच्या खुर्चीवर, मुंडी खाली करून. मी पदरात. माह्या मनात बहुत होतं बाई, दुखन का, रक्त किती दिवस जान, अजून थोडं थांबून ठरवलं तं चालन का. पन भासरे बसले होते ना, तोंड कसं उघडू. आमच्यात अशा वक्ती बाईचं मोठं मानूस बोलते, तं भासरे बोलले, हो म्हनते ती. डाक्टरीनबाईनं माह्याकडं पाह्यलं, म्या मान खाली घातली. मान खाली घालनं म्हंजे आमची मर्यादा, तिले वाटलं होकार. ती दुरून आलेली, तिले काय ठाऊक.

झालं ते झालं. घरी आली तं धानाची रोपं लावायचा रोवना सुरू होता, घरात कोन बसू देते. रक्त जाऊन राहिलं, मले वाटे असंच असते. कोनी सांगतलंच नव्हतं का इतकं गेलं तं परत ये. धानाच्या बांधीत वाकली अन् चक्कर येऊन चिखलात पडली, तवा बायायनं उचलून पुन्हा दवाखान्यात नेलं. वाचली.

पन ते मांगं लागलं. लोकायले वाटते त्या जीवाचं दुःख अशीन. त्याचंही होते, नाही म्हनत नाही, एखाद्या लेकराले पाहून जीव गलबलते. पन मले धरून आहे ते दुसरंच, तो डाक्टरीनबाईचा आवाज. धुऱ्यावर भात खायले बसली तं कानात येते, तुमच्या मर्जीनं आहे ना. तलावावर कपडे आपटून राहिली तं येते. सुरुवातीले मी मांगं वळून पाहो, बाया म्हनत, कोनाले पाह्यतं वं. भूत असतं तं लिंबू उतरवलं असतं, ह्याले काय उतरवू. भासरे गेले तवा म्या त्यायच्या तोंडात पानी घातलं, वाटलं आतातरी सांगावं, दादाजी, मी हो म्हनली नव्हती. पन हातानं पदरच ओढला.

आता सून आहे, पल्लवी. दोन लेकरं, अन् तिलेही माह्यासारखेच पुन्हा दिवस गेले. ठेवायचं का मोकळं व्हायचं ते विचारायले मी, पोरगा अन् ती दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हनाली, आजी, तुमी बाहेर बसा. मले राग आला, म्हनलं, मी सासू आहो तिची. ती म्हने, म्हनूनच. पोरगा म्हने, मी नवरा आहो, तं ती म्हने, तुमीही बाहेर. अन् दार लावलं. मी बडबड करत बसली, सासूले बाहेर काढते म्हंजे काय. दाराआडून शब्द समजत नव्हते, निस्ता पल्लवीचा आवाज येऊन राहिला होता. ती विचारे, सिस्टर सांगे, ती पुन्हा विचारे. एवढं बोलते ही पोरगी, घरी मले माईत नव्हतं. मंग मले जे रडू आलं ना बाई, पोरगा घाबरला, म्हने, आई, काय झालं.

सिस्टरनं तिले सांगतलं होतं, घरी जाऊन विचार कर, घाई नाही. पोरगा मले म्हने, तू विचारून पाहाय, काय ठरवलं तिनं. म्या म्हनलं, कोनी विचारू नोको, मीही नाही अन् तूही नाही, तिले सांगायचं तं सांगन.

आज सकाळी ती निघाली. म्हने, आई, म्या ठरवलं, सिस्टरले सांगून येतो. काय ठरवलं ते बोलली नाही. म्या डोक्यावर हात ठेवला, म्हनलं, तू जे म्हनशीन त्यात तुहं बरं होऊ दे माय. ती गेली. घरात कोनी नव्हतं, म्हनून मी आंगनात उभी राहून जोरानं म्हनलं, हो. मंग म्हनलं, नाही. दोन्ही म्हनून पाह्यले. त्यातलं माहं कोनतं होतं, मले अजून ओळखू येत नाही.