दुसरा ग्लास

घरी बिअर घालणाऱ्यांचं सामान मिळतं, डुलुथ गावातल्या त्या दुकानात दोन म्हातारे रांगेत माझ्यापुढे होते.

"काय लाइल, यंदाही नाताळची मसाल्याची बिअर घालतोयस वाटतं?"

"मागच्या वर्षी घातलेली. आमची बायको मार्लिस एक घोट घेऊन म्हणाली, छान झालीये."

"मग झालं की."

"मग शेजारचा एल्डन त्याची घेऊन आला. मार्लिसनं ग्लास संपवला आणि परत पुढे केला."

"एवढं काय मनाला लावून घेतोस? दालचिनी, जायफळ, संत्र्याची साल, सगळं तर घेतलंयस. यंदा जिरव त्याची."

"हे सामान एल्डनचंच आहे. त्याचा गुडघा दुखतोय, म्हणून मार्लिसनं मला पिटाळलंय."