पहिला साप कुठून घ्यावा

ओहायोतल्या सापांच्या प्रदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा डेल्मर आणि त्याची धाकटी बहीण आर्लीन उभी होती.

"पहिलाच साप आहे, दुकानातून घे," आर्लीन म्हणाली.

"दुकानदाराला तो खातो की नाही हेही माहीत नसतं. पैदास करणारे खाऊ घातलेल्या प्रत्येक उंदराची तारीख लिहून देतात."

"त्यांचं पिल्लू तीस वर्षं जगतं. तुझं काय?"

"म्हणून तर निराधार सापांच्या आश्रमातला म्हातारा घेतोय. पण त्यांच्या फॉर्मवर विचारलंय, तुमच्यामागे सांभाळणार कोण."

"काय लिहिलंस?"

"बायकोचं नाव."

"अरे, वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली."

"हात आपोआप चालला."

"खोड ते."

"तूच खोड. माझ्याच्यानं होत नाही."

"आण. खाली माझं लिहिते."

"तुला गांडुळाचीही भीती वाटते."

"वाटते. पेन दे."