सत्त्याण्णवचा नोझल

शपथ घेतो सर, आईची घेतो, लेकराची घेतो, सत्त्याण्णव नंबरचं पेट्रोल संपलंय. टँकर येतो म्हणून आलाच न्हाई. काल आला तो डिझेलचा— म्हणजे आला होता पेट्रोलचाच, पण साधं उतरवून गेला. हाव, त्या नोझलवर पाटी लटकून राहिली ना, 'स्टॉक नाही'? मीच लटकवली. कधी? आत्ताच, तुमची लाल गाडी वळणावर दिसली तवा. योगायोग म्हणा.

इंजिन बंद करू नका, चालू ठेवा, ऐकू द्या. हां. डब्यात खडे टाकून हलवल्यावानी वाजून राहिलंय. टाकीचं झाकण उघडलं की आत कागद चिकटवलाय, पंच्याण्णवच्या खाली टाकू नका, कंपनीनं मराठीत न्हाई लिवलं पण आकडा तर आकडाच असतो. आन् तुम्ही महिनाभर एक्याण्णव पाजताय. मागच्या वेळी मी टोकलं तर काय म्हणलात? "भुजंगराव, एक्याण्णव म्हणजे काही वाईट न्हाई." हसलात बी. साऱ्या लातूरचं तसंच हाय म्हणा, आकडा दिसला की मार्कच वाटतात. परवा एक जण स्कूटीत सत्त्याण्णव भरून गेला, मेरिटचं पेट्रोल म्हणून. स्कूटीला काय त्याचं? मार्क न्हाईत ते सर. दाब किती सोसतं, त्याचा आकडा हाय. तुमचं टर्बोचं इंजिन पेट्रोलला दाबतं, दाबतं, लई दाबतं— आन् एक्याण्णववालं ठिणगी पडायच्या आधीच भडकतं. तोच आवाज हा. पेट्रोल खराब न्हाई. साध्या गाडीत घाला, जन्मभर गुमान चालंल.

भूकंपात आमची जीप होती. त्या सकाळी किल्लारीहून जखमी आणले मी, स्वतः चालवत— म्हणजे चालवत होते आमचे तवाचे मालक गुरुबसप्पा, मी मागं लोंबकळत. पंपाची लाईट गेलेली, हातानं पेट्रोल उपसलं, कमी पडलं तर त्यात रॉकेल ओतलं. धूर काढत, खोकत आली, पण दवाखान्याच्या दारापर्यंत आली. का? तिला कुणी दाबत नव्हतं, म्हणून.

घाई हाय? ठाऊक हाय. तुमच्या क्लासच्या नांदेडच्या शाखेचं उद्घाटन, चारला फीत कापायची, पेपरात वाचलं. चढावर गाडी बसली तर लोक काय म्हणतील, हीच काळजी ना? मला पण एक काळजी हाय. आमच्या शेजारी एक पोर हाय. तुमच्याच ए बॅचला होती. रविवारच्या परीक्षेत एक्याण्णव पडले. तुम्ही काय केलं? सगळ्या पोरांसमोर म्हणलात, "बॅग उचल, खाली जा." खाली म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या पत्र्याच्या हॉलमधी, सी बॅचला. मधली बी बॅच पण न्हाई. पोर जिना उतरली ती परत चढली न्हाई. आता पेपर समोर ठेवला की उलटा करून ठेवती. झोपेत दात खाती, कटकट, कटकट— ह्या तुमच्या गाडीसारखंच, हुबेहूब. उशीखालचं पुस्तक टोचतं तरी काढू देत न्हाई, मी काढाय गेलो तर—

मला कसं ठाऊक? भिंत पातळ हाय, ऐकू येतं. उशी? बरं, भिंतीतून उशी दिसत न्हाई, मान्य. मास्तर हायेत तुम्ही, चुका काढायची सवय हाय.

मीच आणून सोडली होती तिला तुमच्या दारात. ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही पाठ थोपटली, म्हणलात, "बॅनरवर फोटो लागंल हिचा." पोरीनं त्या दिवशीच नवा ड्रेस शिवायला टाकला, फोटोसाठी. तो अजून शिंप्याकडंच हाय. आणायला कुणी जायचं?

खिशात हात घालू नका, पैशाचं न्हाई हे. एकच सांगा. गाडीला एक्याण्णव चालतं म्हणलात. पोरीला कामून चाललं न्हाई? बोला की. वर्गात तर माईक लावून बोलता.

बरं, राहू द्या. खोटं काय काय सांगितलं ते सांगतो आन् मोकळा होतो. टँकर आला न्हाई, हे खोटं. जीप मी चालवली, हे खोटं. शेजारची पोर, हे तर सगळ्यात खोटं— शेजारी गोदाम हाय, पोरंबाळं कुठली? सत्त्याण्णव हाय सर. पंपाची टाकी काठोकाठ हाय. पण त्या नोझलच्या कुलपाची चावी माझ्या ऋतुजापाशी असती. तुमचा क्लास सोडल्यापासून हिशेबाला तीच बसती. त्या काचेमागं, पाठ करून बसलीय ना, तीच. तुमचा आवाज वळखती ती. जा, मागा चावी. नावानं हाक मारा फक्त, बाकी काही बोलू नका. तिनं दिली तर स्वतःच्या हातानं टाकी फुल करून देतो.

काय झालं? दहा पावलं हायेत, सर.

मग गाडी तरी बाजूला घ्या. मागं एसटी थांबलीय. आन् चढावर दाबू नका तिला, वाजंल.