मारुतीपुढचं फंक

गाव आमचं भोकरच्या अलीकडं, घरी चार एकर रान, बाप शेतात आन मी बँडमधी. बापाला लई लाज वाटायची, कुणब्याचं पोरगं लोकाच्या लग्नात ढोल बडवतंय म्हनायचा, पर मला नादच तसा, गळ्यात ड्रम आन तोंडापुढं माइक, वाजवायचोबी मी आन गायचोबी मीच.

फंकचं म्हनसाल तर नांदेडला एक टेप दुरुस्तीवाले चाचा होते, त्यांच्या भाच्यानं दुबईहून कॅसेट आनलेली, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गानं, त्यालाच फंक म्हनतेत. ऐकलं आन उभाच राहिलो. आपल्याकडं कसं, ठोक्यावर ठोका, आन ह्यात पहिल्या ठोक्याला समदा जोर, मंग मधी जागा सोडायची, ती जागाच मानसाला हलवती. चाचा म्हनले, ले जा बेटा, तेरे काम की चीज है.

दुसऱ्याच लग्नात वाजवलं आन फजिती झाली बघा. नाचनारे हात वर करून थांबले, पुढचा ठोका येईना म्हनून, नवरदेवाचा मामा म्हनला, ड्रमवाल्याला चक्कर आली का. आमचे मास्तर, बँडचे मालक, लई तापले, भर परण्यात हे धंदे न्हाई पायजेत म्हनले. परण्या म्हंजी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडाया जातो ते. आता नवरदेव देवळात आसंपस्तोर बँडनं भायेर वाजवतच राहायचं आसतंय, पर तवा ऐकतंय कोन, समदे पानी पितेत, फेटे नीट करतेत. मास्तर म्हनले, तेवढ्यात वाजव काय वाजवायचं ते. हाव म्हनलं. काय सांगू तुम्हाला, अकरा वर्सं, अकरा वर्सं माहं फंक ऐकलं ते घोड्यानं आन मारुतीनं. हसा तुम्ही, पर मी एक परण्या सोडला न्हाई. मनात एकच, एकदा चालत्या मिरवनुकीत ह्यावर मानसं नाचली पायजेत.

मंग हिमायतनगरचं लगीन आलं. देवळाच्या पारावर म्हाताऱ्या बसलेल्या. मी फंक धरलं आन कसं सुचलं कोन जाने, त्याच्यावर बायकांचं हळदीचं गानं म्हनलं. माना हलाया लागल्या. नवरदेवाची आजी उठली, पदर खोचला, आन मी जिथं जागा सोडायचो तिथं बरोबर टाळी देऊन राहिली, तिला बघून समद्या उठल्या. नवरदेव भायेर आला, मास्तरनं हात केला, नेहमीचं धरा म्हनून. आजी म्हनली, मास्तर, हात खाली घ्या, मांडवापस्तोर हेच वाजंल. मास्तरनं हात खाली घेतला. आन वाजलं की मांडवापस्तोर! मुहूर्त टळला, भटजी कावले, पर ऐकतंय कोन, ह्या नवरदेवाचा मामाबी नाचला आन पोरंबी. मी गात होतो आन रडत होतो, त्यात लाजायचं काय.

आता सदुसष्टावं चालू हाय, मास्तर गेले, बँड मीच चालवतो. जमाना डीजेचा, तरी मागल्या महिन्यात लातूरहून मानसं आली, म्हनली काका, डीजे नको, घरापासून मांडवापस्तोर तुमचं फंकच पायजे. गेलो. भर रस्त्यात समदं वऱ्हाड नाचलं. तवापसून खांदा दुखून राहिलाय, बायको तेल लावती आन बडबडती, ह्या वयात काय ही हौस. बडबडू द्या. देवानं लई दिलं. तुमच्याबी पोटात काय वाजून राहिलं आसंल, ते एकदा तरी भर रस्त्यात वाजो, आन त्यावर नाचाया मानसं मिळोत, दुसरं काय म्हनू.